पुरातून निघालेल्या गाडीचं हौसिंग उघडून बघा

सीना नदीचं पाणी ओसरलं, लांबोटीपाशी थांबलेली सोलापूर-पुणे महामार्गावरची वाहतूक सुरू झाली. सप्टेंबर २०२५ च्या त्या पुरात माढा, मोहोळ, दक्षिण सोलापुरात काय झालं, ते इथे पुन्हा सांगायला नको. पाण्यातून निघालेल्या गाड्या मग दुरुस्तीला जातात. इंजिन ऑईल बदललं जातं, एअर फिल्टर आणि स्टार्टर बघितला जातो, सीटा उन्हात टाकल्या जातात. मागच्या दोन चाकांच्या मधोमध असलेल्या हौसिंगखाली मात्र कोणी वाकून बघत नाही.

बोलेरो, सुमो, ट्रॅक्स, ओम्नी, एखादी जपून ठेवलेली अँबॅसिडर, या सगळ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. इंजिनची ताकद हौसिंगमधल्या क्राउन-पिनियनमार्फत चाकांना मिळते आणि वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरू देण्याचं कामही तिथलं डिफरन्शियलच करतं. पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेलं असल्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासतही जातात. म्हणून तिथे गंधक-फॉस्फरसची द्रव्यं मिसळलेलं, उग्र वासाचं ‘नव्वद नंबर’ ऑईल लागतं. त्यात पाणी मिसळलं की दातांवरचा तेलाचा थर तुटतो आणि गाडी उभी राहिली की बेअरिंगवर गंज चढतो.

हौसिंग बंद असतं, मग पाणी आत जातं कसं? याचं उत्तर ब्रीदरमध्ये आहे, आणि माझ्या मते जुन्या गाडीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग तोच. हौसिंगच्या वरच्या अंगाला बसवलेली ही हवा जाण्या-येण्याची छोटीशी वाट. गाडी चालून हौसिंग तापतं, आतली हवा फुगून ब्रीदरमधून बाहेर पडते. तीच गाडी गार पाण्यात उतरली की हवा झटकन आकसते आणि हौसिंग बाहेरचं जे मिळेल ते आत ओढतं. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर ही ओढ ऑईल सीलवर येते. उलट, कोरड्या रस्त्यावर बुजलेल्या ब्रीदरमुळे आत दाब साठतो आणि सीलमधून ऑईल पाझरू लागतं. ते मागच्या ब्रेकच्या लायनरपर्यंत गेलं तर ब्रेक धरत नाही. अशा वेळी सील पुन्हा पुन्हा बदललं जातं आणि काडीभर चिखल जिथल्या तिथे राहतो. सोलापूरची धूळ आणि पुराचा गाळ बघता सील बदलण्याआधी ब्रीदर साफ केलाच पाहिजे.

ऑईल बदलायचं तर आधी चार-पाच किलोमीटर गाडी चालवावी, म्हणजे ते पातळ होऊन नीट निथळतं. गाडी सपाटीवर उभी करावी आणि पहिल्यांदा वरचा, ऑईल भरायचा प्लग सोडवावा. जुन्या गाडीत हा प्लग गंजून धरलेला असतो. खालचा आधी काढला आणि वरचा निघालाच नाही, तर रिकाम्या हौसिंगची गाडी जागेवरच अडकते. नंतर खालचा प्लग काढून ऑईल पसरट भांड्यात घ्यावं. काळं असेल तर ते जुनं झालं एवढंच. दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. प्लगला चुंबक असेल तर त्यावरचा राखाडी लेप नेहमीच्या झिजेचा असतो. बोटाला टोचणारे कण लागले, तर नुसतं ऑईल बदलून भागणार नाही.

पाणी निघालं तर एकदा स्वस्तातलं ऑईल भरून थोडी गाडी फिरवावी, ते काढून टाकावं, मगच चांगलं भरावं. डिझेलने धुण्याची पद्धत मला पटत नाही. आत राहिलेलं डिझेल नवं ऑईल पातळ करतं. भरताना वरच्या भोकातून ऑईल ओघळू लागलं की थांबावं. कोणत्या ग्रेडचं, ते गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे. उरलेलं ऑईल गिअरबॉक्समध्ये ओतू नये, कारण हौसिंगच्या ऑईलमधलं गंधक काही गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगा खातं.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या मोटारींच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ५ हजारांवरून १० हजार केली. त्यात जुन्या गाडीचा विमा बहुतेक वेळा नुसता थर्ड पार्टी, म्हणजे पाण्याने झालेलं स्वतःच्या गाडीचं नुकसान त्यात बसत नाही. पुरात शेत गेलेल्या माणसाची दूध नाहीतर भाजी वाहणारी गाडी हाच उरलेला आधार असतो. त्याच्यावर क्राउन-पिनियनचा खर्च येता कामा नये. दोन लिटरच्या आसपास ऑईल आणि तासाभराची मजुरी एवढ्यावर तो टळू शकतो. पुरानंतर गावोगावी आरोग्य तपासणी होते, जनावरांना लस दिली जाते. त्याच मांडवात आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या मुलांना पाने आणि ऑईलचे डबे देऊन बसवायला काय हरकत आहे?

नवं ऑईल भरल्यावर तीन-चारशे किलोमीटरनंतर वरचा प्लग काढून बोट घालून बघावं. रंग पुन्हा दुधाळ दिसला तर ब्रीदर आणि पिनियनचं सील दोन्ही तपासावीत.