खोक्यातले चालणारे किती?

वॉटर्लूची लढाई जेवणाच्या टेबलावर मांडायची तर आधी एक त्रैराशिक सोडवावं लागतं. 1815 सालची ब्रिटिश पायदळाची पलटण ढोबळमानाने 600 माणसांची धरा. ब्रूस क्वारी यांच्या युद्धखेळाच्या नियमांत प्लास्टिकचा एक शिपाई 33 माणसांच्या जागी उभा असतो. म्हणजे पलटणीला 18 शिपाई लागले. हे अठराही जण एकाच ढंगात, खांद्याला खांदा लावून उभे राहिले, तरच ती पलटण दिसते.

आता एअरफिक्स किंवा एस्कीचं जुनं खोकं उघडा. एअरफिक्सने असे छोटे शिपाई 1959 पासून काढले. मापाने बोटाच्या पेराएवढे. खोक्यात पन्नासेक शिपाई मिळतात, पण कुणी गुडघ्यावर बसलेला, कुणी बंदुकीच्या दस्त्याने हाणणारा, कुणी गोळी लागून कोसळणारा. नुसते चालणारे मोजकेच. त्यामुळे संच पारखताना मी चेहऱ्यावरची कलाकुसर नंतर पाहतो, आधी ढंग मोजतो. हॅट कंपनीने ही अडचण ओळखली. काही सैन्यांसाठी त्यांनी चालणारे, लढणारे आणि अधिकारी अशी वेगळी खोकीच काढली. पलटणी उभारणाऱ्याला याहून मोठा आधार नाही. रशियाच्या झ्वेझ्दाचं कोरीवकाम मात्र फार देखणं. बटणं, पट्टे, कपड्यांच्या चुण्या स्पष्ट उठतात. एक सांगून ठेवतो: एस्कीचे बरेच साचे पुढे इटालेरीच्या नावाने बाजारात आले. खोक्यावरचं नवं चित्र पाहून तेच शिपाई दुसऱ्यांदा घेऊ नका.

हे 1/72 मापाचे शिपाई बहुधा मऊ प्लास्टिकचे असतात. संगीन वाकली की रंगाचा पापुद्रा निघतो. म्हणून आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचे, वाळले की प्रायमर, मग रंग. पेरी किंवा व्हिक्ट्रिक्सचे 28 मिलिमीटरचे शिपाई कडक प्लास्टिकचे. हात, डोकी सुटी येतात, गोंदाने पक्की चिकटतात, आणि ढंग आपण ठरवतो. त्यांना पैसे जास्त पडतात, वेळ त्याहून जास्त.

टोपीकडे नीट पाहा. स्पेनमधल्या मोहिमांत ब्रिटिश शिपायाची शाको टोपी सरळ नळकांड्यासारखी होती. वॉटर्लूला बहुतेक पलटणींच्या टोपीची पुढची बाजू उंच झालेली होती. व्हिक्ट्रिक्स या दोन्ही काळांचे संच वेगळे देते, आणि हा काटेकोरपणा मला मोलाचा वाटतो.

मग दस्त्याने हाणणारे ते उरलेले शिपाई? त्यांची जागा वॉटर्लूच्या रणांगणावरच्या ला ए सेंत या शेतवाड्यात आहे. ब्रिटिश सैन्यातल्या किंग्ज जर्मन लीजनच्या, हिरव्या गणवेशातल्या सुमारे 400 जणांनी मेजर बारिंग यांच्या हाताखाली तो वाडा दुपारभर लढवला. त्यांच्या रायफलींना वेगळी काडतुसं लागत. ती संपली, मागूनही आली नाहीत, आणि अखेर संगिनी नि दस्तेच हाती उरले. या प्रसंगाचा देखावा करणाऱ्याला एका ढंगाची रांग चालत नाही, त्याला हेच विस्कटलेले ढंग हवेत. फक्त ते लाल डगल्याच्या पायदळाचे नकोत, रायफलवाल्यांच्या संचातले हवेत. देखावे करणारा माझा एक मित्र दर दिवाळीत त्याच्या खोक्यांतले चालणारे रायफलवाले मला आणून देतो आणि माझे झुंजणारे घेऊन जातो. त्याच्या वाड्याच्या फाटकाशी आता बावीस जण उभे आहेत.