घरचा सीसीटीव्ही ‘ऑफलाइन’ झालाय? कॅमेरेवाल्याला बोलवायच्या आधी एवढं तपासा

समजा, घर मुखेडला आहे. आई-बाबा तिथेच राहतात आणि मुलगा नोकरीसाठी पुण्यात. घराला दोन कॅमेरे बसवलेत, एक गेटवर आणि एक मागच्या दाराला. रात्री साडेदहाला मुलगा सवयीने मोबाइलमध्ये ॲप उघडतो आणि स्क्रीनवर एकच शब्द दिसतो, ‘ऑफलाइन’.

आता यातून काय समजायचं? लाइट गेली असेल, इंटरनेट गेलं असेल, उंदराने वायर कुरतडली असेल, कॅमेरा जळाला असेल किंवा कुणी मुद्दाम बंद केला असेल. स्क्रीनवर मात्र पाचही वेळा शब्द तोच दिसतो.

मुखेड, कंधार, देगलूर, उदगीर या पट्ट्यातल्या कित्येक घरांतली तरुण मंडळी पुणे, मुंबई, हैदराबादला असतात. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची घरं तर कित्येक महिने कुलूपबंद असतात. अशा घरांसाठी कॅमेरा म्हणजे मोठा आधार. पण तो बंद पडलाय हे बहुतेकांना कळतं चोरी झाल्यावर, फुटेज शोधायला बसल्यावर.

दिलासा देणारी गोष्ट म्हणजे ‘बंद पडलेल्या’ कॅमेऱ्यात बऱ्याचदा कॅमेरा चांगला असतो. बिघाड वीज, इंटरनेट, वायर किंवा मेमरी कार्डात असतो, आणि योग्य क्रमाने तपासलं तर तो घरबसल्या सापडतो.

सगळ्यात आधी : एक बंद की सगळे?

घरगुती कॅमेऱ्यांचे साधारण दोन प्रकार आहेत. पहिला वायफायचा. त्यातच मेमरी कार्ड असतं आणि तो थेट मोबाइल ॲपला जोडलेला असतो. दुसरा वायरचा. त्यात सगळे कॅमेरे एका डीव्हीआरला जोडलेले असतात आणि रेकॉर्डिंग डीव्हीआरच्या हार्ड डिस्कवर होतं.

सगळे कॅमेरे एकदम गेले असतील तर दोष त्यांच्या सामायिक गोष्टीत असतो, म्हणजे वीज, राऊटर किंवा डीव्हीआर. चारपैकी एकच गेला असेल तर दोष त्या कॅमेऱ्यात, त्याच्या वायरीत किंवा पिनेत. एवढ्या एका प्रश्नाने निम्मं काम होतं.

पायरी १ : करंट पोचतोय का?

वायरच्या कॅमेऱ्यांना सहसा १२ व्होल्टचा पुरवठा लागतो. तो छोट्या अडॅप्टरमधून येतो किंवा सगळ्या कॅमेऱ्यांना मिळून असलेल्या पॉवर सप्लायच्या डब्यातून, ज्याला कॅमेरेवाले ‘एसएमपीएस’ म्हणतात. वायफायचे बरेच कॅमेरे मोबाइलच्या चार्जरसारख्या ५ व्होल्टवर चालतात.

आधी बोर्डावरचं बटण पाहा. हसू येईल, पण झाडताना किंवा मोबाइल चार्जिंगला लावताना कुणीतरी कॅमेऱ्याची पिन काढून ठेवलेली असते. मग अडॅप्टरवरचा दिवा पाहा. बंद पडलेल्या कॅमेऱ्याला चालू कॅमेऱ्याचा अडॅप्टर लावून पाहिला की दोष अडॅप्टरचा की कॅमेऱ्याचा, ते लगेच कळतं.

अदलाबदल करताना अडॅप्टरवर छापलेले आकडे वाचा. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. ५ व्होल्टच्या कॅमेऱ्याला १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर चांगला कॅमेराही जळेल.

एक खूण लक्षात ठेवा. कॅमेरा दिवसा नीट चालतो आणि अंधार पडला की बंद-चालू होतो, असं असेल तर संशय अडॅप्टरवर घ्या. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याला जास्त करंट लागतो. दमलेला अडॅप्टर तेवढा भार झेपवू शकत नाही. वायर फार लांब ओढलेली असेल तरी असंच होतं, कारण टोकापर्यंत व्होल्टेज कमी होत जातं.

पायरी २ : कॅमेरा बंद आहे की फक्त इंटरनेट?

‘ऑफलाइन’चा खरा अर्थ एवढाच की ॲपला कॅमेरा सापडत नाहीये. घरात लाइट असेल आणि फक्त इंटरनेट गेलं असेल, तर मेमरी कार्डावरचं किंवा डीव्हीआरमधलं रेकॉर्डिंग सहसा सुरूच असतं. त्यामुळे लगेच रात्रीची ट्रॅव्हल्स पकडायची गरज नाही. आधी घरी एक फोन पुरतो.

“आई, राऊटरवर कुठल्या रंगाचा दिवा लागलाय, बघ बरं.”

“लाल लागलाय रे.”

फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ नावाचा दिवा असतो. तो लाल असेल तर फायबरमधून सिग्नलच येत नाहीये, म्हणजे कॅमेरेवाल्याला नाही, इंटरनेटवाल्याला फोन करायचा. दिवे नेहमीसारखे असतील तर राऊटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करायला सांगा आणि चार-पाच मिनिटं थांबा.

तरीही कॅमेरा आला नाही, तर दोन गोष्टी विचारा.

एक, नुकताच राऊटर बदलला का किंवा वायफायचा पासवर्ड बदलला का? कॅमेरा जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड शोधत बसतो. नव्या राऊटरला अक्षरन् अक्षर तेच नाव आणि तोच पासवर्ड दिला, तर बहुतेक कॅमेरे आपोआप जोडले जातात.

दोन, वायफाय कुठलं आहे? राऊटर बऱ्याचदा दोन वायफाय देतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. घरगुती कॅमेऱ्यांपैकी बरेच फक्त २.४ वर चालतात. दुसऱ्याच्या नावात ‘५जी’ लिहिलेलं असतं, पण त्याचा मोबाइलच्या ५जीशी काही संबंध नाही. २.४ चा सिग्नल भिंतींतून जास्त लांब जातो, त्यामुळे गेटवरच्या कॅमेऱ्याला तोच बरा.

शेतातल्या आखाड्यावर किंवा विहिरीवर सिमकार्डाचा कॅमेरा असेल, तर आधी रिचार्ज तपासा. त्या नंबरचा मेसेज कुणी वाचत नाही आणि पॅक संपला की कॅमेरा गप होतो.

पायरी ३ : पावसाने काय केलं?

वायरच्या कॅमेऱ्यात स्क्रीनवर ‘व्हिडिओ लॉस’ आलं की चित्र डीव्हीआरपर्यंत पोचत नाहीये. अशा वेळी त्या कॅमेऱ्याची वायर डीव्हीआरच्या दुसऱ्या, चालू असलेल्या खाचेत लावून पाहा. तिथे चित्र आलं तर डीव्हीआरची खाच खराब आहे. नाही आलं तर दोष वायर, पिन किंवा कॅमेऱ्याकडे आहे.

पावसाळ्यानंतर सगळ्यात जास्त त्रास देतो तो जोड. कॅमेऱ्यामागची पिन उघड्यावर लोंबत असेल तर तिच्यात पाणी जातं, हिरवट गंज चढतो आणि चित्र आधी लाटांसारखं हलतं, मग जातं. जोड प्लास्टिकच्या बंद डबीत ठेवणं आणि वायरीला खाली एक वळसा देणं, म्हणजे पाणी त्या वळशावरून गळून जातं, हे दोन स्वस्त उपाय आहेत.

ऑगस्ट २०२५ च्या अतिवृष्टीत मुखेड तालुक्यातल्या रावणगाव, हसनाळसह काही गावांत पाणी घरांत शिरलं होतं. डीव्हीआर, अडॅप्टर किंवा एक्स्टेंशन बोर्ड असा भिजला असेल तर ‘चालू होतोय का बघू’ म्हणून बटण दाबू नका. मेन स्विच बंद करा आणि तो जाणकाराला दाखवा. आतल्या ओलीमुळे शॉर्टसर्किट होऊ शकतं. शिवाय भिजलेल्या हार्ड डिस्कला करंट दिला तर आतलं फुटेजही जाऊ शकतं.

वळवाच्या पावसात विजा कडाडत असतील, तर घरी माणूस असताना डीव्हीआर आणि राऊटरच्या पिना काढून ठेवलेल्या बऱ्या. पाऊस थांबल्यावर त्या परत लावायला मात्र विसरू नका.

पायरी ४ : चित्र दिसतंय, पण रेकॉर्ड होतंय का?

खरा घोटाळा इथे होतो. ॲपमध्ये लाइव्ह चित्र दिसतं, म्हणून सगळे निर्धास्त असतात. पण लाइव्ह दिसणं आणि रेकॉर्ड होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्ड खराब झालं तरी लाइव्ह चित्र दिसतच राहतं.

कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड चोवीस तास लिहिलं आणि पुसलं जातं, त्यामुळे साधं कार्ड लवकर झिजतं. कॅमेऱ्यासाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं कार्ड घ्यावं. ॲप कार्ड ‘फॉरमॅट’ करायला सांगत असेल तर थांबा, फॉरमॅट केल्यावर जुनं सगळं फुटेज पुसलं जातं. हवं असलेलं आधी काढून घ्या.

फुटेज किती दिवस टिकतं, याचा हिशोब सोपा आहे. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट लिहीत असेल तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी होतात. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात तीन दिवसही पुरते मावत नाहीत. असेच चार कॅमेरे १ टीबीच्या हार्ड डिस्कवर साधारण साडेअकरा दिवस टिकतात. त्यानंतर नवं फुटेज जुन्यावर चढतं. पंधरा दिवसांनी गावी येऊन शोधलं तर काहीच मिळणार नाही.

स्क्रीनवरची तारीख आणि वेळही पाहा. लाइट गेल्यावर डीव्हीआरचं घड्याळ मागे जात असेल तर आतला नाण्यासारखा सेल संपलेला असू शकतो. वेळ चुकीची असली की फुटेज असूनही सापडत नाही.

रात्री सगळं पांढरं दिसतंय?

कॅमेरा बदलायची घाई नको. काचेसमोर कोळ्याचं जाळं किंवा धूळ असेल, तर इन्फ्रारेड उजेड तिच्यावर आपटून परत येतो आणि चित्र धुरकट होतं. मऊ, ओलसर कापडाने काच पुसा. नव्या कॅमेऱ्यावरची पातळ प्लास्टिक फिल्म काढायची राहिली असेल तरी असंच दिसतं. दिवसा झाडं गुलाबी दिसत असतील तर आतला फिल्टर अडकलेला असू शकतो. ते काम दुकानदाराचं.

रीसेट सगळ्यात शेवटी

कॅमेरा बिघडला की व्हिडिओ पाहून रीसेटचं बटण दाबायचा मोह होतो. पण रीसेट केल्यावर वायफाय, पासवर्ड, सगळ्या सेटिंग पुसल्या जातात. पुण्यात बसून त्या परत भरता येत नाहीत.

त्याआधी एक गोष्ट तपासा, कॅमेरा ॲपमध्ये नोंदवलेला आहे कुणाच्या नावावर? बऱ्याचदा बसवणारा माणूस स्वतःच्याच मोबाइल नंबरवर खातं उघडतो आणि घरच्यांना फक्त ‘शेअर’ करतो. मग कॅमेऱ्याचा मालक तो, आणि घरचे पाहुणे. कॅमेरा आपल्या नंबरवर घ्या आणि पासवर्ड बदला.

हे का महत्त्वाचं, याचं उदाहरण फार लांबचं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं महिलांचं सीसीटीव्ही फुटेज ऑनलाइन विकलं जात असल्याचं उघड झालं. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी त्यात पकडलेल्या संशयितांपैकी एक लातूरचा आणि एक सांगलीचा होता. कंपनीने दिलेला किंवा ‘१२३४५६’सारखा पासवर्ड तसाच ठेवला, तर कॅमेरा चालू असणंच धोक्याचं ठरतं.

चोरी झालीच असेल तर

आधी ११२ वर फोन करा. डीव्हीआर उघडू नका, कार्ड फॉरमॅट करू नका आणि रीसेटला हात लावू नका. स्क्रीनवरची वेळ आणि मोबाइलमधली वेळ यात किती फरक आहे, ते लिहून ठेवा. जुनं फुटेज पुसलं जायच्या आत त्याची प्रत निघणं गरजेचं आहे, हे पोलिसांना सांगा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार अशी प्रत कोर्टात पुरावा म्हणून देताना सोबत ठरावीक प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे फक्त व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या क्लिपवर विसंबून चालत नाही. मूळ रेकॉर्डिंग जपा.

महिन्यातून एकदा, पाच मिनिटं

महिन्याची एक तारीख ठरवा आणि चार गोष्टी पाहा. प्रत्येक कॅमेऱ्याचं लाइव्ह चित्र दिसतंय का? काल रात्री दोन वाजताचं रेकॉर्डिंग सापडतंय का? तारीख-वेळ बरोबर आहे का? सगळ्यात जुनं फुटेज किती दिवसांपूर्वीचं आहे? लाइट वारंवार जात असेल तर राऊटर आणि डीव्हीआर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. नुसता कॅमेरा बॅकअपवर असून उपयोग नाही.

आणि बिल जपून ठेवा. वॉरंटीत असूनही दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

हे सगळं करूनही कॅमेरा सुरू झाला नाही तर कॅमेरेवाल्याला नक्की बोलवा. फक्त ‘कॅमेरा बंद पडलाय’ असं सांगू नका. ‘अडॅप्टर बदलून पाहिला, दुसऱ्या खाचेत वायर लावली, तरी चित्र येत नाही’ असं सांगा. तो येताना नेमकं सामान घेऊन येईल, तुमची एक चक्कर वाचेल आणि चांगला कॅमेरा उगाच बदलला जाणार नाही.