मारेकऱ्याची कथा, मारेकऱ्याच्या लेखणीतून : दामोदर हरी चापेकर यांचे आत्मवृत्त – सामर्थ्य आणि मर्यादा

प्रस्तावना :

भाडोत्री मारेकरी हा आजच्या लोकप्रिय वाङ्मयाचा एक मान्यताप्राप्त नायक झाला आहे. काझुओ कोइके आणि गोसेकी कोजिमा यांची ‘कोझुरे ओकामी’ ही जपानी चित्रकथा १९७० ते १९७६ या काळात प्रसिद्ध झाली व पुढे २८ खंडांत संकलित झाली. तिचा नायक ओगामी इत्तो हा पाचशे र्‍यो घेऊन हत्या करतो आणि लहानग्या मुलाला बाबागाडीत घालून गावोगाव हिंडतो. अशा चित्रकथा आता ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांच्या भ्रमणध्वनीवरही सहज वाचावयास मिळतात. या प्रकाराचे बळ हत्येच्या आखणीत आणि नायकाच्या अचूकतेत असते, हे वाचकाच्या लवकरच ध्यानात येते. त्याचा वार चुकत नाही. चुकला तर कथाच संपेल.

मराठीत मात्र मारेकऱ्याची एक कथा अशी आहे की जी स्वतः मारेकऱ्यानेच लिहिलेली आहे. दामोदर हरी चापेकर यांनी तुरुंगात असताना आपले आत्मवृत्त लिहिले. त्याचे इंग्रजी भाषांतर मुंबई पोलिसांच्या १९१० च्या गुप्त वृत्तसारात समाविष्ट आहे. मराठी वाचकांसाठी वि. गो. खोबरेकर यांनी संपादिलेली आवृत्ती १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली. इतिहासाचे साधन म्हणून या ग्रंथाचा वापर पुष्कळ झाला. एक कथन म्हणून त्याचे गुणदोष कोणते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. प्रस्तुत लेखात तो विचारण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी :

घटनाक्रम परिचित असल्याने तो थोडक्यात देणे पुरेसे आहे. १८९६ मध्ये मुंबईत आलेली प्लेगची साथ पुण्यात पोहोचली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अमलात आला (हाच कायदा २०२० च्या करोना साथीत पुन्हा वापरला गेला). वॉल्टर चार्ल्स रँड हे पुण्याच्या प्लेग समितीचे अध्यक्ष झाले आणि मार्च ते मे या महिन्यांत गोऱ्या सैनिकांकरवी घरोघर झडत्या घेण्यात आल्या. २२ जून १८९७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीतील राजभवनातून परतताना रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट तत्काळ मरण पावले, तर रँड ३ जुलैला. दामोदर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. वासुदेव चापेकर, महादेव रानडे आणि बाळकृष्ण चापेकर हे तिघेही मे १८९९ मध्ये फासावर गेले.

कथनाचे सामर्थ्य :

आत्मवृत्ताचा पहिला विशेष म्हणजे त्यातील घराचे चित्र. वडील हरी विनायक चापेकर हे कीर्तनकार. मूळची सुस्थिती ओसरलेली, कुटुंब मोठे, आणि मुले वडिलांच्या कीर्तनात साथीला. काशीयात्रा, गावोगावचे मुक्काम, मिळेल त्या बिदागीवर चालणारा प्रपंच हे सर्व दामोदर सांगतात. हत्येच्या कथेत या मजकुराचे काय काम, असे प्रथम वाटते. परंतु कीर्तनकाराच्या घरात वाढलेल्या मुलाला आख्यान कसे लावावे हे आपोआप येते. लेखकाची वाक्ये साधी आहेत, आवेश आहे तेथेही कथेचा धागा सुटत नाही. शिक्षण बेताचे असलेल्या या माणसाचे गद्य त्या काळातील कित्येक विद्वानांच्या गद्याहून अधिक वाचनीय आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

दुसरा विशेष अधिक महत्त्वाचा आहे. हत्येच्या दिवसाचे वर्णन करताना लेखक स्वतःच्या योजनेतील अडचणी झाकत नाही. महोत्सवामुळे झाडून सारे युरोपीय अधिकारी राजभवनावर येतील हा त्याचा अंदाज बरोबर ठरला. गणेशखिंडीच्या रस्त्यावर एका पिवळ्या बंगल्यालगतची जागा हेरून ठेवलेली होती. संध्याकाळी दोघे भाऊ तेथे पोहोचले, तेव्हा टेकड्यांवर होळ्या पेटल्या होत्या आणि रस्ता गर्दीने भरला होता. जवळच्या तलवारी अडचणीच्या ठरल्या म्हणून त्या एका दगडी मोरीखाली ठेवाव्या लागल्या. जाताना रँड यांची गाडी दिसली, पण गर्दी पाहून परतीची वाट पाहण्याचे ठरले. रात्री गाडी येताच दामोदर यांनी ‘गोंद्या’ ही ठरलेली खूण दिली, मागून गाडीवर चढून पडदा उचलला आणि अगदी जवळून गोळी झाडली. दोघांनी मिळून रँड यांच्यावरच गोळ्या झाडाव्यात असा मूळ बेत होता. बाळकृष्ण मागे राहिले, गाडी पुढे निघून गेली, आणि मागच्या गाडीतील कुजबुजीचा संशय येऊन त्यांनी त्या गाडीतील एकावर गोळी झाडली. ते आयर्स्ट होते.

ओगामी इत्तोच्या कथेत असे कधी घडत नाही. तेथे दर वार म्हणजे एक सुंदर रेखाचित्र असते. येथे मोरीखाली ठेवलेल्या तलवारी आहेत, मागे पडलेला भाऊ आहे आणि ज्याच्यासाठी बेत रचलेला नव्हता असा एक मृत मनुष्य आहे. खऱ्या हत्येचे स्वरूप कसे असते हे इतक्या उघडपणे सांगणारे दुसरे मराठी लेखन प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

कथनाच्या मर्यादा :

परंतु आयर्स्ट या व्यक्तीविषयी लेखकाला पुढे काही वाटले असे दिसत नाही. ही या कथनाची सर्वांत मोठी उणीव होय. प्रसंगाचा तपशील प्रामाणिक आहे, त्याच्या परिणामाचा विचार मात्र नाही. लोकप्रिय मारेकरी-कथांचा नेमका हाच दोष समीक्षक दाखवितात, आणि तो येथेही आढळावा हे विचार करावयास लावणारे आहे.

दुसरी मर्यादा लेखकाच्या दृष्टीची आहे. चापेकर बंधूंचा द्वेष केवळ इंग्रजांपुरता नव्हता. सुधारकांवर केलेल्या हल्ल्यांची हकिकत दामोदर अभिमानाने देतात. मुंबईतील राणीच्या पुतळ्याला डांबर फासणे आणि सुधारकांना मारहाण करणे ही दोन्ही कृत्ये त्यांच्या लेखी एकाच धर्मकार्याचा भाग आहेत. काँग्रेसविषयी तुच्छता आहे, टिळकांविषयीचा सूरही निखळ आदराचा नाही. झडत्यांतील जुलमाविषयीचा त्यांचा संताप खरा होता. घरात शिरलेले सैनिक, देवांची विटंबना, स्त्रियांची भीती यांबद्दलची तक्रार त्या काळी पुण्यात सर्वत्र होती. तथापि प्लेगने मरणारी माणसे हा या कथनाचा विषय नाही. त्याच मार्च महिन्यात, १० तारखेला, पुण्यातच प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला. हे आत्मवृत्त वर्गात शिकवावयाचे झाल्यास ही तारीख शेजारी लिहून ठेवावी लागते.

तिसरी मर्यादा साधनाच्या उत्पत्तीची. हा मजकूर कैदेत, फाशीच्या छायेत लिहिला गेला आणि पोलिसांनी तो जपला. लिहिणाऱ्याला आपण कोणासाठी लिहीत आहोत याची जाणीव असणार. कोणाची नावे गाळली, कोणाला वाचविले, हे मजकुरावरून ठरविणे कठीण आहे. शिवाय कथा मध्येच तुटते. वीस हजार रुपयांच्या बक्षिसाच्या आशेने माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंची ८ फेब्रुवारी १८९९ रोजी झालेली हत्या हा तिचा उत्तरार्ध, पण तेव्हा लेखक हयात नव्हता. ती पोकळी पुढे इतरांनी भरली. जयू आणि नचिकेत पटवर्धन यांचा ‘२२ जून १८९७’ हा १९७९ चा चित्रपट त्यांपैकी उल्लेखनीय. त्यात टिळकांची भूमिका सदाशिव अमरापूरकर यांनी केली होती.

सोलापूर जिल्ह्यातील विद्यार्थ्याला ‘हुतात्मा’ हा शब्द शिकवावा लागत नाही. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी त्याच येरवडा कारागृहात फाशी झाली आणि शहरात त्यांची स्मृती आजही जागती आहे. त्यामुळे चापेकरांचे आत्मवृत्त हाती येताच वाचक आदराने वाचू लागतो आणि सुधारकांच्या मारहाणीच्या पानांवर अडखळतो. काही विद्यार्थी ती पाने वगळावीत असे सुचवितात. खोबरेकरांच्या आवृत्तीतील ती पाने वगळली, तर पुतळ्याला डांबर फासणारा तरुण उरतो, पण गणेशखिंडीच्या रस्त्यापर्यंत तो कसा आला हे समजण्याचा मार्ग बंद होतो.