नाताळची तयारी चार रविवार आधीपासून. ‘आगमनकाळ’ म्हणजे काय?

धाटाव (ता. रोहा) : गणपती यायच्या आधी आपल्याकडे घर झाडून-पुसून तयार असतं. ख्रिस्ती घरांतही नाताळपूर्वी अशीच तयारी चालते. या दिवसांना ‘आगमनकाळ’ म्हणतात. आपल्याच जिल्ह्यात कोर्लईला (ता. मुरुड) पोर्तुगीज काळापासूनची ख्रिस्ती वस्ती आहे. ‘नाताळ’ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला.

कधी सुरू होतो?
२७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांदरम्यान येणाऱ्या रविवारी. चर्चमध्ये धर्मगुरू जांभळी वस्त्रे घालतात. हा रंग पश्चात्तापाचा. हिरव्या पानांच्या चक्रात दर रविवारी एक मेणबत्ती जास्त पेटते. ही पद्धत १८३९ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बर्गला सुरू झाली.

मनाची तयारी
रोज प्रार्थना, बायबलवाचन, पापांची कबुली. सगळ्यात अवघड म्हणजे अबोला सोडणं. अर्पण वेदीपाशीच ठेवा, आधी भावाशी समेट करा, अशी येशूची शिकवण आहे. बांधावरून भावाभावांत बोलणं बंद असेल, तर पहिला फोन याच दिवसांत करायचा.

घरची तयारी
गोठ्याच्या देखाव्यात हिरवं शेत दिसावं म्हणून काही घरांत दोन आठवडे आधी नाचणी पेरतात. फराळाचं सामानही थोडं थोडं आणलं, की शेवटी उधारी होत नाही. धाटाव एमआयडीसीत पाळीने काम करणाऱ्यांनी २४ डिसेंबरच्या रात्रीच्या मिस्सासाठी पाळी बदलायचं आधीच सांगून ठेवावं.

रोषणाई एका दिवसात होते. तुटलेलं नातं जोडायला वेळ लागतो, म्हणून हे चार रविवार.