प्रश्न विचारणाऱ्यालाही विचारा

खेड्यात पाहणीला माणसे येतात ती बहुधा सरपंचांना पुढे घालून. ओट्यावर सतरंजी पडते, चहा होतो, वही उघडते. कर्ज किती, घरात दारू कोण पितो, मूल का दगावले? सरपंच समोर बसलेले असताना ‘नाही सांगत’ म्हणायची कोणाची छाती होते? शिवाय उत्तर दिले तर अनुदान मिळेल, ही वेडी आशा असतेच.

आरोग्याच्या संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे २०१७ चे नियम आहेत. माहिती कशासाठी हवी, ते तुम्हाला समजेल अशा भाषेत आधी सांगायचे. मध्येच उठायची तुम्हाला मुभा. त्यापायी दवाखान्यातले उपचार अडता कामा नयेत. अंगठा घ्यायचा तर त्रयस्थ साक्षीदार हवा.

जनगणना निराळी. १९४८ च्या कायद्याने तिथे उत्तर द्यावेच लागते. पण नवऱ्याचे नाव सांगायची सक्ती त्या कायद्यानेही बायकांवर केलेली नाही!

तेव्हा भगिनींनो, वहीवाल्याला आधी विचारा: तुम्ही कुठले, हे कोण वाचणार, माझे नाव त्यात येणार का? सासूबाईंसमोर बोलायचे नसेल तर ‘सरपंचांना पोचवून या, मग बोलू’ म्हणावे. चहा मात्र पाजावा.