तात्यांचं बोट

रविवार, सकाळचे पावणेसात. नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’च्या ट्रॅकवर अजून चांगली गर्दी आहे. आमचं टोळकं दोन फेऱ्या मारून नेहमीच्या बाकावर टेकलंय आणि तात्या मोबाईलच्या पाठीवर तर्जनी दाबून बसलेत. कॅमेऱ्याशेजारचा दिवा पेटलाय. बोटाचं टोक लालभडक दिसतंय, लहानपणी टॉर्चवर तळहात ठेवला की दिसायचा तसं. स्क्रीनवर हिरवी रेघ उड्या मारते, खाली टक्के वाढत जातात, शंभर झाले की टुंग वाजतं. १२१/७९. नाडी ८४.

“बघा! पोराचं बीपी हाय,” म्हणत तात्या फोन सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवतात.

तात्या ७१ वर्षांचे. जन्म साताऱ्याकडचा, उमेदीची वर्षं सगळी इथल्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी म्हणून गेली. नातवानं दिवाळीत हे ॲप फोनमध्ये घालून दिलंय. फुकट आहे, मधेमधे कसल्यातरी तेलाची जाहिरात येते एवढंच. बीपी कळायला दंडाला पट्टा नको, डॉक्टर नको, दवाखान्याची रांग नको. सोय म्हणजे सोयच.

मग बाकावर एकेकाची बोटं लागतात. माझं ११८/७७. तात्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, ११९/७८. शूजची नाडी बांधायला थांबलेला एक पळणारा मुलगाही हौसेनं बोट ठेवतो. त्याच्या कपाळावरून घाम गळतोय, छाती भात्यासारखी चाललीय, आणि त्याचं १२०/७९. आजारी माणूस या बाकावर बसतच नाही म्हणायचं!

अण्णा तेवढे बोट पुढे करत नाहीत. ते सिडकोतून निवृत्त झालेले इंजिनिअर. या शहराच्या होल्डिंग पाँडांवर, म्हणजे पावसाचं पाणी साठवणाऱ्या अशा तळ्यांवर, त्यांनी बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे समोरच्या तळ्याकडे ते अजून साइटवर आल्यासारखेच बघतात.

मी फोन हातात घेतो. मोजण्याआधी ॲप वय, उंची, वजन विचारतं. कुणाच्याही बोटाला तेच आधी भरलेलं तात्यांचं वय चालतंय. मला खोडी सुचते. ७१ खोडून २७ करतो आणि म्हणतो, “तात्या, पुन्हा एकदा ठेवा बरं बोट.”

तेच बोट, तोच बाक, मध्ये तीन मिनिटंसुद्धा गेलेली नाहीत. ११४/७३.

“अजून उतरलं!” तात्या खूष. मी स्क्रीन अण्णांकडे वळवतो. अण्णा चष्मा वर करून वयाचा रकाना वाचतात आणि हसत नाहीत.

“तात्या, ते फाटक बघा,” ते तळ्याच्या खाडीकडच्या अंगाला बोट दाखवतात. “भरती आली की खाडीचं पाणी बाहेरून रेटतं आणि झडप मिटते. ओहोटीला बाहेरचा रेटा कमी होतो, आतल्या पाण्याचा जोर वरचढ ठरतो, झडप उघडते. कुठल्या क्षणी उघडली ते बघितलं, बाहेर पाणी किती होतं ते ठाऊक असलं, की आतला जोर कळला. बरोबर?”

“बराबर.”

“दंडाचा पट्टा तेच करतो. आधी बाहेरून इतकं आवळायचं की धमनी मिटली पाहिजे. मग हळूहळू सोडायचं. रक्त पहिल्यांदा धक्का मारून आत घुसतं तो वरचा आकडा. धक्के थांबून सरळ वाहायला लागलं की खालचा. आता तुमचा फोन काय करतो? काठावर बसून लाटा मोजतो. दिव्याचा उजेड बोटात शिरतो, रक्ताची लाट आली की उजेड थोडा जास्त शोषला जातो, तेवढं कॅमेऱ्याला दिसतं. मिनिटाला किती लाटा, ते तो नीट सांगेल. लाटेत जोर किती, ते नुसतं बघून कसं कळणार? बाहेरून रेटलंय कुणी?”

इतकं सोपं मला कुठल्या डॉक्टरनं सांगितलेलं नाही. इटलीच्या रिव्हा-रोच्चीनं १८९६ साली हवेचा पट्टा आणि पारा घेऊन हेच केलं, १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्हनं पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून ते धक्के ऐकले. हल्लीची घरगुती मशीन कान लावत नाहीत, पट्ट्यात उमटणाऱ्या कंपनांवरून हिशेब करतात. पण आवळणं काही सुटलेलं नाही. सॅमसंगच्या घड्याळात बीपी दिसतं म्हणतात, त्यालाही दर चार आठवड्यांनी पट्ट्याच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं.

आणि बोटाचा हा खेळ आपल्याकडचाच आहे असं नाही. २०१४ साली अमेरिकेत ‘इन्स्टंट ब्लड प्रेशर’ नावाचं ॲप निघालं. फोन छातीला लावायचा, बोट कॅमेऱ्यावर ठेवायचं. पैसे मोजून लोकांनी ते धडाधड घेतलं. पुढच्याच वर्षी ते बाजारातून गेलं, आणि २०१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी त्याची तपासणी छापली : ज्यांचं बीपी खरोखर वाढलेलं होतं अशा दहांतल्या जवळजवळ आठांना ते ‘ठीक आहे’ म्हणून सांगत होतं. घाबरवणारं ॲप लोकांनी दुसऱ्या दिवशी काढून टाकलं असतं. गोड बोलणारं कोण काढतो?

इतका वेळ गप्प असलेल्या काकू आता तोंड उघडतात. “अण्णा, तुम्हीच सांगा यांना. फोनात बरं दिसायला लागल्यापासून गोळी एक दिवसाआड घेतात.”

“अगं, उगा कशाला रोज...” तात्यांचा आवाज खाली येतो.

अण्णा काही न बोलता कापडी पिशवीतून मशीन काढतात. रविवारी ते असतंच बरोबर. तात्या लगेच दंड पुढे करतात. पायावर पाय, पाठ बाकाच्या काठावर, मनगट हवेत. पट्टा फुगतानाच पुतण्याच्या लग्नाच्या हॉलचं भाडं किती झालं ते सांगायला लागतात. १६८/९६.

बाक एकदम शांत होतो.

“हे धरायचं नाही,” अण्णा पट्टा सोडत म्हणतात. “माझंच चुकलं. आताच चालून आलात, चहा झाला असेल...”

“अर्धाच.”

“...आणि बोलताय. पाय खाली सोडा. पाठ टेकवा. हात माझ्या पिशवीवर ठेवा, छातीच्या उंचीला आला पाहिजे. आता पाच मिनिटं कुणी एक शब्द बोलायचा नाही.”

आयुष्यभर गोणी उचललेला तो दंड! पट्ट्यावर छापलेल्या खुणेत जेमतेम मावतो. अजून दोन बोटं जाड असता तर मोठा पट्टा लागला असता, आखूड पट्ट्यानं आकडा उगाच चढा येतो. वेल्क्रो पुन्हा एकदा चर्र करतं.

पाच मिनिटं. आमच्या बाकाला हे प्रकरण जड जातंय. दोनेक मिनिटांत मलाच खोकला येतो. समोरून जाणारे एक ओळखीचे गृहस्थ आम्हाला असे मुकाट बसलेले पाहून थबकतात, चप्पल काढायची की काय अशा चेहऱ्यानं हात जोडतात आणि हळूच पुढे सरकतात. काकू पदर तोंडाला लावून हसतात. तात्यांच्या ओठांवर हॉलचं भाडं आलेलं दिसतं, ते गिळतात. पलीकडे दुधीच्या रसाच्या स्टॉलवर मिक्सर सुरू होतो आणि बंद होतो. ट्रॅकवरची पावलं इतकी स्पष्ट मी आज पहिल्यांदाच ऐकतोय.

अण्णा बटण दाबतात. पट्टा फुगतो, थांबतो, थोडाथोडा सुटतो. १५२/९२. एक मिनिट थांबून परत. १५०/९२. नाडी ७९.

“फोनवर बोट ठेवा,” मी हळूच म्हणतो. नाडी ७८. तेवढं जुळतं.

“आज लगेच घाबरायचं कारण नाही,” अण्णा सांगतात. “पण आजपासून गोळी रोज. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मोजून वहीत लिहा. मशीन न्या माझं. मग वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी कमी करायची की वाढवायची, ते त्यांना ठरवू दे. महापालिकेच्या आरोग्य केंद्रातही बीपी बघतात, पैसे पडत नाहीत.”

तात्या मान डोलावतात. मशीनची पिशवी काकूंच्या हातात जाते. उठता उठता तात्यांचं बोट सवयीनं पुन्हा कॅमेऱ्यावर. टुंग. ११४/७४.

मला आठवतं, वय परत बदलायचं राहिलंय. “थांबा तात्या, तिथं सत्तावीस पडलंय, नीट करून देतो.”

तात्या रकान्याकडे बघतात, मग माझ्याकडे.

“ऱ्हाऊ दे की,” ते म्हणतात आणि फोन खिशात टाकून काकूंना विचारतात, “आजची गोळी खायाची ऱ्हायलीय न्हवं?”