हिवाळ्यातील रापण : आदल्या संध्याकाळची आखणी

खरिपाचे भात खळ्यावरून घरात आले, की सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावर रापणीच्या कामास जोर येतो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे लांब जाळे होय. त्याचा एक दोर किनाऱ्यावरील माणसांच्या हाती देऊन होडी जाळे सोडीत अर्धवर्तुळाकार फिरते व दुसरा दोर काही अंतरावर किनाऱ्यास आणते. मग दोन्ही बाजूंनी जाळे ओढले जाते. मासळी मिळाली तर सर्वांना वाटा मिळतो. न मिळाली तर साऱ्या वाडीचा दिवस बुडतो. म्हणून रापणीची आखणी आदल्या संध्याकाळीच होणे आवश्यक आहे.

प्रथम तिथी पाहावी. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण असते व पाण्याची ओढ वाढते. अशा वेळी जाळे एका अंगास वाहून जाण्याचा संभव असतो. अष्टमीच्या सुमारास भांग असते व ओढ मंदावते. भरतीची वेळ काढण्याचा कोकणातील जुना हिशेब सोपा आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीचा तास मिळतो. उदाहरणार्थ, चतुर्थीस सुमारे तीन वाजता व अष्टमीस सुमारे सहा वाजता पूर्ण भरती येते. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी लागते. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. हा हिशेब ठोकळ असल्याने भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकाशी तो ताडून पाहावा.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो व किनाऱ्यालगतचे पाणी बहुधा शांत असते. दुपारनंतर वारा समुद्राकडून फिरतो व लाटा वाढतात. यास्तव होडी पहाटे लोटणे सोयीचे पडते.

मात्र हिवाळा म्हणजे निर्धोक समुद्र, असा समज करून घेऊ नये. नोव्हेंबर २००९ मधील फयान वादळाने कोकणातील अनेक मच्छीमारांचे प्राण घेतले. डिसेंबर २०१७ मधील ओखी वादळात केरळ व तामिळनाडूचे अनेक मच्छीमार दगावले आणि त्याच्या लाटा कोकण किनाऱ्यासही जाणवल्या. भारतीय हवामान विभाग मच्छीमारांसाठी इशारे देतो. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र वारा व लाटांचा अंदाज प्रसिद्ध करते. ग्रामसेवकांनी हे अंदाज संध्याकाळी पाहून वाडीत कळवावेत व फलकावर लिहावेत.

तिसरी गोष्ट साधनांची. जाळे वाळूवर पसरून फाटलेले आस त्याच दिवशी विणून घ्यावेत. दोराच्या गाठी, भेंडे व वजने तपासावीत. होडीतील प्रत्येकास जीवरक्षक जाकीट असावे. दोर ओढण्यास कोण कोणत्या बाजूस राहणार, हेही आधीच ठरवावे. एका बाजूस माणसे कमी पडली, तर जाळे तिरके होते व मासळी निसटते.

जाळे किनाऱ्यास लागल्यावरही काही पथ्ये पाळावयाची असतात. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या मासळीचे किमान आकारमान ठरवून दिले आहे. पापलेटाचे ते १३५ मिलिमीटर आहे. त्याहून लहान जिवंत मासे पाणी उथळ असतानाच सोडून द्यावेत. आज सोडलेले पिल्लू म्हणजे पुढील हंगामाचे बियाणेच होय, हे शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको. याच दिवसांत समुद्री कासवे अंडी घालण्यासाठी किनाऱ्यास येतात. जाळ्यात कासव सापडल्यास ते जिवंत सोडावे. संरक्षित प्राण्यास सोडविण्यासाठी जाळे कापावे लागल्यास नुकसानभरपाई देण्याची योजना राज्य शासनाने २०१८ मध्ये सुरू केली. त्यासाठी कापलेल्या जाळ्याचे व प्राण्याचे छायाचित्र काढून ठेवावे आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयाशी संपर्क साधावा.

शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आहे. पहाटे समुद्र पाहून ‘आज होडी लोटावयाची नाही’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हे आदल्या संध्याकाळीच एकमताने ठरवावे. हा अधिकार एका अनुभवी तांडेलास द्यावा. पन्नास माणसे दोर घेऊन उभी असताना नकार देणे जड जाते. शेजारच्या वाडीची होडी पाण्यात दिसली, तर ते अधिकच जड जाते. परंतु बुडालेला दिवस दुसऱ्या दिवशी भरून काढता येतो. होडीतील माणूस परत आणता येत नाही. त्याचा शब्द सर्वांनी मानावा व त्या दिवशी जाळे विणावयास बसावे.